जुन्या संगणकातून घरचा फाइल सर्व्हर

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचे नियमित साहाय्य थांबविले आणि भारतातील असंख्य घरांमधील चालू स्थितीतले संगणक एका दिवसात ‘जुने’ ठरले. विंडोज ११ साठी लागणारी सुरक्षा चिप किंवा प्रोसेसर त्यांच्यात नाही, एवढाच त्यांचा दोष. दुसरीकडे याच घरांतील फोन छायाचित्रांनी भरून वाहत आहेत. गुगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ रोजी संपली. त्यानंतर चढविलेले प्रत्येक छायाचित्र खात्याच्या मोफत मर्यादेत मोजले जाते. मर्यादा भरली की दरमहा पैसे मोजणे किंवा जुने काही पुसून टाकणे, असे दोनच मार्ग समोर दिसतात.

तिसरा मार्ग घराच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या त्या संगणकातूनच जातो. त्यात एक मोठी हार्ड डिस्क बसवून, मोफत मिळणारी एक प्रणाली घालून आणि राउटरला एक केबल जोडून घरातल्या सर्वांसाठी सामाईक साठवण उभारता येते. संगणकशास्त्राची पदवी त्यासाठी लागत नाही. सुटीचे दोन दिवस, थोडी चिकाटी आणि खर्चाचा प्राधान्यक्रम नीट ठरविण्याची तयारी पुरते. हा प्रामुख्याने प्राधान्यक्रमाचाच प्रश्न आहे. नवशिके बहुधा पेटीवर आणि वेगावर खर्च करतात. दुसऱ्या प्रतीचा विचार मात्र डिस्क बंद पडल्यावर सुचतो.

फाइल सर्व्हर म्हणजे नेमके काय?

घरातील नेटवर्कला जोडलेला, बहुतेक वेळ चालू असणारा आणि केवळ फाइली साठविण्याचे व मागणाऱ्याला देण्याचे काम करणारा संगणक म्हणजे फाइल सर्व्हर. बाजारात याच कामासाठी तयार पेट्या मिळतात. त्यांना ‘नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज’ अथवा थोडक्यात ‘नास’ म्हणतात. सर्व्हरला पडदा, कळफलक व माऊस फक्त पहिल्या दिवशी लागतात. त्यानंतर त्याचा सर्व कारभार दुसऱ्या संगणकाच्या ब्राऊझरमधून चालतो.

विंडोज, मॅक, लिनक्स, फोन आणि टीव्ही या सर्वांना एकाच सर्व्हरशी बोलता यावे यासाठी एक समान भाषा लागते. तिचे नाव एसएमबी. विंडोजची ही भाषा इतर प्रणालींना बोलता यावी म्हणून ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९०च्या दशकाच्या आरंभी ‘साम्बा’ हा मुक्त आज्ञावलीसंच लिहिण्यास सुरुवात केली. आजच्या बहुतेक घरगुती सर्व्हरांचा कणा हाच साम्बा आहे. अशा सर्व्हरवरचे फोल्डर घरातील संगणकावर साध्या ड्राइव्हसारखे दिसते. वापरणाऱ्याला वेगळे काही शिकावे लागत नाही.

आधी हिशेब, मग खरेदी

दुकानात जाण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन बसावे. सुमारे चार मेगाबाइटचे एक छायाचित्र धरल्यास एक टीबी जागेत अडीच लाख छायाचित्रे मावतात. त्यामुळे केवळ छायाचित्रांनी डिस्क सहसा भरत नाही. ती भरते चित्रफितींनी. ‘फोर-के’ दर्जाच्या चित्रणाला मिनिटाला सुमारे ३०० मेगाबाइट लागतात असे धरले, आणि घरात आठवड्याला दहा मिनिटांचे चित्रण होत असेल, तर वर्षाला सुमारे १५६ जीबी केवळ त्यालाच लागतात.

समजा, एका कुटुंबाचा आजचा साठा ६०० जीबी आहे आणि तो वर्षाला २५० जीबीने वाढतो. पाच वर्षांनी तो १,८५० जीबी होईल. अशा घराने दोन टीबीची डिस्क घेणे म्हणजे पाचव्या वर्षी पुन्हा खर्च ओढवून घेणे. चार टीबी पुरेसे होतात, आठ टीबींची गरज नाही. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डिस्क बनविणाऱ्या कंपन्या एक टीबी म्हणजे एक हजार अब्ज बाइट असे दशमान पद्धतीने मोजतात. विंडोज मात्र १,०२४च्या पटीत मोजते. म्हणून चार टीबीची डिस्क पडद्यावर सुमारे ३.६३ टीबीची दिसते. दुकानदाराने फसविल्याचे ते लक्षण नव्हे.

साठवायचे काय, याचीही यादी करावी. पुन्हा उतरवून घेता येणारे चित्रपट आणि गाणी एका बाजूला. आईवडिलांचे आवाज, मुलांची पहिली पावले, घराचे दस्त, सातबारा उतारे, गुणपत्रिका व वैद्यकीय अहवाल दुसऱ्या बाजूला. पहिल्या ढिगाची एक प्रत पुरते. दुसऱ्या ढिगासाठीच हा सारा खटाटोप आहे.

संगणक कोणता चालेल?

फाइली देण्याघेण्याचे काम हलके असते. २०१३ नंतरचा, ६४ बिटी प्रोसेसर असलेला आणि चार ते आठ जीबी रॅम असलेला कोणताही संगणक त्यासाठी पुरतो. ग्राफिक्स कार्ड असल्यास काढून ठेवावे. ते फक्त वीज खाते. कार्यालयांमधून निवृत्त होणारे लहान आकाराचे डेस्कटॉप या कामास विशेष योग्य ठरतात, कारण ते कमी वीज घेतात, आवाज कमी करतात आणि त्यांचे सुटे भाग सहज मिळतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असे वापरलेले संगणक विकणारी दुकाने आहेत. मात्र घेण्यापूर्वी पेटी उघडून आत साडेतीन इंची डिस्कसाठी किती जागा आहेत आणि मदरबोर्डवर साटाची किती तोंडे आहेत, हे मोजून पाहावे. अनेक लहान पेट्यांत एकच डिस्क मावते आणि मग सगळे नियोजन कोलमडते.

जुन्या लॅपटॉपचाही सर्व्हर होतो. त्याची बॅटरी वीज गेल्यावर काही काळ आधार देते, हा फायदा. पण मोठ्या डिस्क यूएसबीने बाहेर जोडाव्या लागतात, आणि वर्षानुवर्षे सतत चार्जिंगवर राहिलेली बॅटरी फुगू शकते, हा धोका. फुगलेली बॅटरी दिसताच ती काढून ई-कचरा संकलनाकडे द्यावी.

रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक तिसरा पर्याय. २०१९ मध्ये आलेल्या त्याच्या चौथ्या आवृत्तीपासून वेगवान नेटवर्क व यूएसबी ३ या दोन्ही सोयी त्यात आहेत. वीज तो फारच कमी घेतो. परंतु पेटी, अडॅप्टर, कार्ड आणि डिस्कसाठी वेगळी वीज यांची बेरीज केली की त्याचा ‘स्वस्तपणा’ बराच ओसरतो. घरात चालू डेस्कटॉप असेल तर तोच पहिला पर्याय समजावा.

विजेचे बिल विसरू नये

फुकट मिळालेला संगणक विजेच्या बिलातून आपली किंमत वसूल करू शकतो. हिशेब सोपा आहे: यंत्र सतत जितके वॅट घेते त्याला ०.७२ने गुणले की महिन्याचे युनिट मिळतात. ३० वॅट घेणारी छोटी पेटी महिन्याला सुमारे २२ युनिट घेते, तर ७० वॅट घेणारा जुना जोडणीचा संगणक सुमारे ५० युनिट. हा फरक वर्षाला ३४५ युनिटांचा होतो. युनिटला दहा रुपये धरले तरी दरसाल साडेतीन हजार रुपये.

महावितरणची घरगुती दररचना टप्प्यांची आहे. १०० युनिटांपर्यंत एक दर, त्यापुढे ३०० युनिटांपर्यंत चढा, त्याहीपुढे आणखी चढा. सर्व्हरचे युनिट घराच्या नेहमीच्या वापरावर चढतात, म्हणून ते घराला लागू होणाऱ्या सर्वांत वरच्या टप्प्याच्या दराने मोजावे लागतात. सॉकेटमध्ये बसणारा वीजमापक जोडून यंत्र प्रत्यक्षात किती घेते ते आधी पाहावे. सर्व्हर चोवीस तास चालूच राहिला पाहिजे असेही नाही. बहुतेक संगणकांच्या बायॉसमध्ये ठरल्या वेळी आपोआप सुरू होण्याची सोय असते. संध्याकाळी सहाला सुरू होऊन रात्री तीनला बंद होणारा सर्व्हर घराची गरज भागवतो आणि बिल निम्म्याहून खाली आणतो.

डिस्कची निवड

खर्चाचा मोठा वाटा डिस्कवर जावा. साठवणीसाठी फिरत्या तबकड्यांची साडेतीन इंची हार्ड डिस्क आजही दर टीबीला सर्वांत स्वस्त पडते. प्रणालीसाठी मात्र एक वेगळी लहान एसएसडी असावी. जुन्या लॅपटॉपमधून निघालेली ६४ किंवा १२० जीबीची चालेल. प्रणाली व साठा वेगवेगळ्या डिस्कवर असले की प्रणाली बिघडली तरी साठ्याला हात लागत नाही.

डिस्क घेताना ती ‘सीएमआर’ पद्धतीची आहे का, हे विचारावे. दुसरी पद्धत ‘एसएमआर’. तीत चुंबकीय पट्टे छपराच्या कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवून लिहिलेले असतात. जागा वाचते, पण जुने काही बदलायचे तर शेजारचे पट्टेही पुन्हा लिहावे लागतात आणि सततच्या लेखनात वेग कोसळतो. एप्रिल २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या खास नाससाठी विकल्या जाणाऱ्या काही डिस्क एसएमआर असल्याचे उघड झाले आणि ग्राहकांनी मोठी नाराजी व्यक्त केली. त्यानंतर कंपनीने सीएमआर डिस्कसाठी वेगळी नाममालिका सुरू केली. नेमका मॉडेल क्रमांक कंपनीच्या माहितीपत्रकात ताडून पाहणे हाच यावर उपाय.

वापरलेल्या डिस्कचा मोह टाळावा. प्रत्येक डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ‘स्मार्ट’ नावाची नोंद ठेवते. ती किती तास चालली, किती जागा निकामी झाल्या, हे तीत दिसते. परंतु ही नोंद पुसता येते. २०२५ च्या आरंभी युरोपात हजारो तास वापरलेल्या डिस्क नोंदी पुसून नव्या म्हणून विकल्या गेल्याचे उघडकीस आले होते. घरातील जुनी डिस्क वापरायचीच असेल तर ती दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रतीसाठी ठेवावी, आणि तीही नोंद तपासून. दोन नव्या डिस्क घ्यायच्या असल्यास त्या शक्यतो वेगवेगळ्या दुकानांतून घ्याव्यात; एकाच खोक्यातल्या, एकाच दिवशी बनलेल्या डिस्क जवळपास एकाच वेळी थकण्याची शक्यता अधिक असते.

केबलचे महत्त्व

सर्व्हर राउटरला वाय-फायने न जोडता केबलने जोडावा. राउटर व संगणक दोन्ही गिगाबिटचे असतील तर सेकंदाला सुमारे ११० मेगाबाइट वेग मिळतो. ५०० जीबीचा साठा सव्वा तासात सर्व्हरवर जातो. दोहोंपैकी एक जरी १०० मेगाबिटचे असेल तर वेग सेकंदाला ११ मेगाबाइटवर येतो आणि त्याच कामाला साडेबारा तास लागतात. इंटरनेट पुरवठादाराने दिलेले कित्येक साधे राउटर याच दुसऱ्या गटातले असतात. केबलही तपासावी. गिगाबिटसाठी तिच्यातील चारही जोड्या शाबूत लागतात. एक तार तुटली तरी जोडणी निमूटपणे खालच्या वेगावर येते. वेग अकराच्या आसपासच घुटमळत असेल तर दोष डिस्कचा नसून याच साखळीत कुठेतरी असतो.

प्रणालीची उभारणी

नवशिक्यांसाठी दोन मोफत प्रणाली विशेष प्रचलित आहेत. ‘ट्रूनास’ ही २००५ मध्ये सुरू झालेल्या फ्रीनासची वारसदार. तीत झेडएफएस ही फाइल व्यवस्था असते. प्रत्येक खंडाची पडताळणी-बेरीज ठेवून, मजकूर नकळत बिघडला तर ती ओळखते. तिला किमान आठ जीबी रॅम लागते. दुसरी ‘ओपनमीडियाव्हॉल्ट’, २०११ पासूनची आणि डेबियन लिनक्सवर आधारलेली. जुन्या, कमी रॅमच्या यंत्रावर ती सुखाने चालते, म्हणून कमी खर्चाच्या पहिल्या सर्व्हरसाठी तीच सोयीची. तिच्या उभारणीचा क्रम असा:

१. ओपनमीडियाव्हॉल्टच्या अधिकृत संकेतस्थळावरून प्रणालीची फाइल उतरवून घ्यावी आणि रूफस किंवा बलेना एचर या साधनाने ती पेनड्राइव्हवर उतरवावी.

२. साठ्याच्या डिस्कच्या केबल काढून ठेवाव्यात. फक्त एसएसडी जोडलेली असावी. चुकीची डिस्क पुसली जाण्याचा धोका यामुळे उरत नाही.

३. पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून प्रणाली एसएसडीवर बसवावी. शेवटी पडद्यावर चार आकडी गटांचा एक पत्ता दिसतो. तो टिपून ठेवावा. संगणक बंद करून साठ्याच्या डिस्क जोडाव्यात.

४. दुसऱ्या संगणकाच्या ब्राऊझरमध्ये तो पत्ता टंकावा. ‘अ‍ॅडमिन’ या नावाचा मूळ संकेतशब्द सर्व जगाला ठाऊक असतो. सर्वप्रथम तो बदलावा आणि मग प्रणाली अद्ययावत करावी.

५. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन हा पत्ता सर्व्हरसाठी राखून ठेवावा. अन्यथा राउटर बंद-चालू होताच सर्व्हर नव्या पत्त्यावर जातो आणि घरात ‘सर्व्हर बंद पडला’ अशी ओरड होते.

६. डिस्कवर ‘ईएक्सटी४’ फाइल व्यवस्था तयार करून ती जोडावी. मग ‘छायाचित्रे’, ‘कागदपत्रे’, ‘सामाईक’ अशी मोजकी फोल्डरे करावीत. प्रत्येक बदलानंतर वर येणाऱ्या पट्टीवरील ‘लागू करा’ या अर्थाचे बटण दाबावे लागते. ते न दाबल्यामुळेच नवशिक्यांच्या बहुतेक तक्रारी उद्भवतात.

७. घरातील प्रत्येकासाठी वेगळे नाव व संकेतशब्द तयार करावा. टीव्हीसाठीच्या खात्याला फक्त पाहण्याचा अधिकार द्यावा, लिहिण्याचा नव्हे. संकेतशब्दाविना पाहुणा प्रवेश ठेवू नये. विंडोजच्या नव्या आवृत्त्या तो बहुधा नाकारतात.

८. शेवटी एसएमबी सेवा चालू करून ती फोल्डरे तीत घालावीत. प्रत्येक फोल्डरासाठी ‘रीसायकल बिन’ची सोय असते, ती अवश्य चालू करावी. चुकून पुसलेली फाइल काही दिवस तेथे राहते.

यानंतर विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये दोन उलट्या तिरप्या रेषा देऊन सर्व्हरचा पत्ता टंकला की फोल्डरे दिसू लागतात. फोनमधील छायाचित्रे आपोआप सर्व्हरवर जावीत आणि चेहऱ्यांनुसार शोधता यावीत अशी इच्छा असल्यास ‘इमिच’ हे मुक्त साधन वापरता येते. त्याची पहिली स्थिर आवृत्ती ऑक्टोबर २०२५ मध्ये आली. त्याला रॅम अधिक लागते, म्हणून साधा सर्व्हर महिनाभर नीट चालल्यावरच त्याच्या वाटेला जावे.

आरसा आणि प्रत यांतील भेद

येथपर्यंत आल्यावर बहुतेक जण ‘रेड’कडे वळतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये ही कल्पना शोधनिबंधातून मांडली. एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधाव्यात, आणि त्यांतील एक गेली तरी काम थांबू नये, असा तिचा आशय होता. ‘रेड १’मध्ये दोन डिस्क एकमेकींचा आरसा असतात: एकीवर लिहिलेले त्याच क्षणी दुसरीवर उमटते.

त्या क्षणातच आरशाची मर्यादा आहे. मुलाने चुकून फोल्डर पुसले, तर ते दोन्हीकडून त्याच क्षणी पुसले जाते. खंडणीखोर विषाणूने फाइली कुलूपबंद केल्या, तर दोन्हीकडे होतात. विजेचा झटका आला, चोरी झाली, पेटीवर पाणी सांडले, तर दोन्ही डिस्क एकाच पेटीत असतात. डिस्क मोडल्यावरही काम चालू ठेवणे हे रेडचे काम आहे. ते कार्यालयाला मोलाचे असते. घराला एक दिवस सर्व्हर बंद राहिला तर काही बिघडत नाही. घराला हवे असते ते कालचे, गेल्या महिन्याचे परत मिळणे.

म्हणून दोनच डिस्क परवडत असतील, तर दुसरी आरशासाठी न वापरता प्रतीसाठी वापरावी. ओपनमीडियाव्हॉल्टमध्ये ‘आरसिंक’ची सोय आहे. साम्बाकार ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेले हे साधन फक्त बदललेला भाग उचलून नेते. सर्व्हर चालू असेल अशी रात्रीची वेळ, उदाहरणार्थ दोनची, त्याला नेमून द्यावी. मूळ ठिकाणी पुसलेल्या फाइली प्रतीतूनही पुसाव्यात, हा पर्याय बंद ठेवावा. थोडी अडगळ साचेल. पण चूक लक्षात येण्यास अवधी मिळेल.

तिसरी प्रत घराबाहेर

अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ‘तीन-दोन-एक’ हा नियम जगभर मानला जातो: मजकुराच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या माध्यमांवर असाव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी असावी. महाराष्ट्रातील वाचकांना या नियमातील शेवटचा अंक समजावून सांगण्याची गरज पडू नये. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि मुंबईच्या तळमजल्यांवरील घरांत पाणी शिरले. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर आणि सांगलीने तेच अनुभवले. भिजलेल्या अल्बममधील काही छायाचित्रे वाळवून तरी वाचविता येत होती. पाण्यात बुडालेल्या डिस्कमधील मजकूर परत मिळविणे हे प्रयोगशाळेचे काम आहे. ते महागडे असते आणि यशाची हमी नसते.

तिसऱ्या प्रतीचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे एक पोर्टेबल डिस्क. महिन्यातून एकदा ती सर्व्हरला जोडावी, प्रत घ्यावी, काढावी आणि बहिणीच्या, मामांच्या किंवा विश्वासू मित्राच्या घरी ठेवावी. डिस्क काढलेली असणे येथे महत्त्वाचे आहे. तारेने न जोडलेल्या डिस्कपर्यंत कोणताही विषाणू पोहोचत नाही. परक्या घरी ठेवायची म्हणून ती संकेतशब्दाने कुलूपबंद करावी आणि तो संकेतशब्द घरातील दुसऱ्या एका तरी माणसाला ठाऊक असावा. इंटरनेटवरील भाड्याची साठवणही चालते, पण सगळा साठा तेथे नेणे वेळखाऊ असते: वर जाण्याचा वेग २० मेगाबिट असेल तर एक टीबी चढायला साडेचार दिवसांहून अधिक लागतात. कागदपत्रे आणि निवडक छायाचित्रे एवढेच तेथे ठेवणे परवडते.

यातील सर्वांत फसवा क्षण वेगळाच आहे. सर्व्हरवर छायाचित्रे चढली, या समाधानात फोन मोकळा केला जातो. फोनवरचे मूळ पुसले गेले की सर्व्हरवरची ‘प्रत’ ही प्रत राहत नाही. तीच मूळ आणि तीच एकमेव होते. तोवर दुसरी प्रत नसेल, तर सर्व्हर उभारून घर आधीपेक्षा अधिक असुरक्षित झाले, असे म्हणावे लागते. दुसरी प्रत झाल्याची खात्री होईपर्यंत फोनवरचे एकही छायाचित्र पुसू नये.

दार बाहेर उघडू नये

सर्व्हर बाहेरगावाहूनही दिसावा या हौसेपोटी राउटरचे एखादे द्वार थेट इंटरनेटला उघडून देण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो धुडकावून लावावा. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ हा विषाणू एसएमबीच्या पहिल्या, जुन्या आवृत्तीतील छिद्रातून जगभर पसरला. दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झाली होती, पण असंख्य संगणकांवर ती घातलेली नव्हती. जून २०२१ मध्ये इंटरनेटला जोडलेल्या ‘माय बुक लाइव्ह’ या जुन्या साठवण पेट्या दुरून पुसल्या गेल्या. जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ने क्यूनॅपच्या इंटरनेटला उघड्या असलेल्या पेट्यांना लक्ष्य केले. तिन्ही प्रकारांतून निघणारा बोध एकच: साठवणीची पेटी घराच्या भिंतींआतच राहावी आणि तिची प्रणाली अद्ययावत असावी.

बाहेरून प्रवेश खरोखर हवा असल्यास ‘वायरगार्ड’ किंवा त्यावर आधारलेले ‘टेलस्केल’ यांसारखा खासगी बोगदा वापरावा. अनेक पुरवठादार एकच सार्वजनिक पत्ता कित्येक ग्राहकांत वाटतात. अशा जोडणीवर द्वार उघडूनही उपयोग नसतो, टेलस्केल मात्र तेथेही बहुधा चालते.

विजेसाठी लहान यूपीएस आवश्यक समजावा. लिहिणे चालू असताना वीज जाणे डिस्कला व फाइल व्यवस्थेला घातक ठरते. यूएसबी तोंड असलेला यूपीएस घेतल्यास वीज जाताच सर्व्हर स्वतःहून रीतसर बंद होण्याची व्यवस्था करता येते.

महिन्याचा अर्धा तास

सर्व्हर एकदा उभारला की विसरून जाण्याची वस्तू नव्हे. महिन्यातून अर्धा तास त्याला द्यावा.

- डिस्कची ‘स्मार्ट’ नोंद पाहावी. निकामी होऊन बदललेल्या जागांचा किंवा प्रलंबित जागांचा आकडा शून्यावरून वाढू लागला की नवी डिस्क मागवावी. ती येईपर्यंत प्रत ताजी करून ठेवावी.
- डिस्कचे तापमान पाहावे. उन्हाळ्यात ते ५० अंश सेल्सिअसच्या वर राहत असेल तर पंखा व धूळ साफ करावी, पेटी कपाटातून मोकळ्या जागी आणावी. पावसाळ्यात ती ओलसर भिंतीपासून दूर आणि जमिनीपासून उंच ठेवावी.
- प्रणालीची अद्ययावत आवृत्ती घालावी.
- रात्रीची प्रत खरोखर होते आहे का, हे तारीख पाहून ताडावे.
- पोर्टेबल डिस्क आणून तिसरी प्रत ताजी करावी.

आणि दर सहा महिन्यांनी खरी परीक्षा घ्यावी. प्रतीच्या डिस्कवरून कोणतीही दहा छायाचित्रे, एक चित्रफीत आणि एक दस्तऐवज दुसऱ्या संगणकावर उतरवून उघडून पाहावे. ईएक्सटी४ची डिस्क विंडोजला थेट वाचता येत नाही, ही गोष्ट अनेकांना ऐन संकटात कळते. लिनक्सची एक पेनड्राइव्ह म्हणून जवळ तयार ठेवावी. उघडून न पाहिलेली प्रत म्हणजे केवळ अंदाज.

कोणी या वाटेला जाऊ नये?

ज्या घराचा साठा १००-२०० जीबीच्या आत आहे, त्याला दोन पोर्टेबल डिस्क आणि थोडी भाड्याची साठवण पुरते. सर्व्हरची वीज व उसाभर त्याला महाग पडेल. महिन्याचा अर्धा तास देणे ज्यांना शक्य नाही, त्यांनी तयार पेटी घ्यावी. किंमत अधिक असली तरी तिचे काम बरेचसे आपोआप चालते. मात्र दुसऱ्या प्रतीची जबाबदारी तयार पेटीही उचलत नाही.

बाकीच्यांसाठी प्राधान्यक्रम असा: संगणक घरातला, प्रणाली मोफत, पहिली नवी डिस्क साठ्यासाठी, दुसरी प्रतीसाठी, मग यूपीएस आणि मग घराबाहेरची पोर्टेबल डिस्क. अधिक रॅम, वेगवान प्रोसेसर, देखणी पेटी यांचा क्रमांक त्यानंतर लागतो. आणखी एक कागद या यादीत जोडावा. सर्व्हरचा पत्ता, खात्यांची नावे, संकेतशब्द कोठे ठेवले आहेत आणि तिसरी डिस्क कोणाच्या घरी आहे, हे मराठीत एका पानावर लिहून घराच्या दस्तांसोबत ठेवावे. सर्व्हर उभारणारी व्यक्ती घरात नसेल त्या दिवशीही कुटुंबाला आपला ठेवा उघडता आला, तरच तो खऱ्या अर्थाने घरचा.